वहिनींनी गोळी चुकवली नव्हती

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी लिहिणाऱ्यांची विनंती आहे. पत्र थोडं आटोपतं करून देते आहे.

«माझी पत्नी 29 वर्षांची आहे. लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा, त्यातून हृदयाची झडप खराब झाली. 6 वर्षांपूर्वी माइट्रल व्हॉल्व्ह बदलून मेटलचा बसवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉमची गोळी, 2 मिलीग्रॅम, चालू होती. मे महिन्यात आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) 2.8 होता. जुलैत मानेत गाठ आली, तपासल्यावर टीबी निघाला, सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये तिला चालताना धाप लागू लागली, रात्री आडवं होता येईना. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. दोन दिवसांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून सांगितलं की व्हॉल्व्हवर गुठळी बसली आहे, एक पान हलतच नाही, आयएनआर 1.2 आहे. पुण्याला हलवून पुन्हा ऑपरेशन करा, नाहीतर इथेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो, काय ते लवकर ठरवा. इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, लकवा होऊ शकतो, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. स्ट्रेप्टोकायनेज दीड दिवस पंपातून चाललं. देवाच्या दयेने ती वाचली. आता एक पान पूर्ण उघडतं, दुसरं थोडं कमी. ॲसिट्रॉम वाढवून 6 मिलीग्रॅम केली आहे. टीबीच्या गोळ्या जानेवारीपर्यंत आहेत.

माझा चुलतभाऊ पुण्यात एका हॉस्पिटलात काम करतो. तो म्हणतो, ऑपरेशनच करायला हवं होतं, तू जुगार खेळलास. आई म्हणते, हिनेच गोळ्या चुकवल्या, वर मेथीची भाजी खाल्ली. बायको म्हणते एकही गोळी चुकलेली नाही, आणि रडायला लागते. खरं सांगतो, मलाही शंका येते. मी चुकलो का? पुन्हा असं झालं तर पुन्हा इंजेक्शन देता येईल का? रक्त तपासावं न लागणारी नवी गोळी आली आहे म्हणतात, ती चालेल का? आणि आम्हाला मूल हवं आहे.»

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण सगळ्यात आधी तुमच्या घरातल्या भांडणाबद्दल बोलायला हवं. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही त्या ओळीवरून सहज पुढे गेलात. जुलैत टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, ती ओळ.

त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं. लघवीला केशरी रंग येतो तो त्याचाच. टीबीवर ते अतिशय गुणकारी आहे. पण यकृतात औषधांचा निचरा करणारी जी यंत्रणा असते तिला ते जोरात कामाला लावतं. मग ॲसिट्रॉमसारखी गोळी पोटात गेली तरी तिचा असर व्हायच्या आतच यकृत तिची वासलात लावतं. रिफाम्पिसिनचा हा परिणाम पहिल्या आठवड्यातच दिसू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुरता चढतो. या काळात रक्त पातळ ठेवायला आधीच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त डोस लागतो. तुमच्या पत्नीचा डोस 2 वरून 6 वर गेला तेव्हा कुठे आयएनआर जागेवर आला असणार. गोळ्या चुकल्यामुळे आयएनआर घसरला असता, तर त्या नियमित सुरू केल्यावर जुन्या 2 मिलीग्रॅमवरच तो पुन्हा वर यायला हवा होता. तिप्पट डोस लागतो आहे, याचा अर्थ यकृत औषध खाऊन टाकतं आहे. मे महिन्यात 2.8, जुलैत टीबीच्या गोळ्या, ऑगस्टमध्ये 1.2. तारखा इतक्या चपखल बसतात की मला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही.

वहिनी खरं सांगत होत्या. रोज संध्याकाळी त्यांनी गोळी घेतली आणि ती गोळी रोज निकामी होत गेली, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. तो मार्ग एकच, रक्ताची तपासणी, आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर ती आठवड्याला व्हायला हवी होती. टीबीच्या दवाखान्यात व्हॉल्व्हबद्दल कुणी विचारलं नाही आणि हृदयाच्या डॉक्टरांना टीबीबद्दल कुणी सांगितलं नाही. या दोन खिडक्यांच्या मधे माणूस पडतो आणि बोलणी मात्र घरातली सून खाते. आजच्या आज वहिनींजवळ बसा आणि मला शंका आली होती, ती चूक होती, असं स्पष्ट शब्दांत सांगा. आईंनाही हा लेख वाचून दाखवा. मेथीत के जीवनसत्त्व असतं आणि त्याने ॲसिट्रॉमचा असर थोडा कमी होतो, हे खरं आहे. पण एखाददुसऱ्या दिवशीच्या भाजीने आयएनआर 2.8 वरून 1.2 वर येत नाही. पालेभाजी बंद करायची गरज नाही. आठवड्याला साधारण सारखी खावी, एवढंच. महिनाभर शिवायचं नाही आणि मग हिवाळ्यात रोज मेथी, पालक, शेपू, असं नको.

आता तुमच्या सहीबद्दल.

वहिनींचा व्हॉल्व्ह दोन पानांचा आहे असं पत्रावरून दिसतं. कडक कार्बनची दोन अर्धगोल पानं एका कड्यात बिजागरीवर उघडमीट करत असतात, दिवसाला लाखभर वेळा. रक्त पुरेसं पातळ नसलं की गुठळी पहिल्यांदा या बिजागरीत धरते. माइट्रल जागेवर रक्ताचा दाब आणि वेग दोन्ही कमी असतात, म्हणून महाधमनीच्या व्हॉल्व्हपेक्षा इथला व्हॉल्व्ह जास्त अडकतो. पान अडकलं की डाव्या वरच्या कप्प्यातलं रक्त पुढे सरकत नाही, ते मागे फुप्फुसांत तुंबतं आणि फुप्फुसांत पाणी होतं. आडवं झाल्यावर श्वास कोंडायचा तो त्यामुळे. तो खोकला छातीचा नव्हताच. मेटलचा व्हॉल्व्ह असलेल्या माणसाला नव्याने धाप लागली, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हॉल्व्ह अडकला असंच धरून चालायचं आणि त्याच दिवशी इको करायचा. गावातल्या डॉक्टरांना नावं ठेवत बसू नका, पण हे वाक्य त्यांना जरूर दाखवा.

अशा वेळी दोन वाटा असतात आणि दोन्ही धोक्याच्या. तिसरी, बिनधोक वाट तुमच्यासमोर नव्हती, म्हणून जुगार हा शब्द मला मुळीच मान्य नाही.

ऑपरेशनची वाट अशी: आधी एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडायची. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. फुप्फुसांत पाणी, बीपी खाली आलेलं, अशा रुग्णाला भूल देऊन हार्ट-लंग मशीनवर घ्यायचं. उत्तम सर्जन, उत्तम आयसीयू असूनही यात माणसं दगावतात, आणि रुग्ण जितका अत्यवस्थ तितकी जास्त. तुमच्या बाबतीत तर त्याआधी अँब्युलन्समधले पुण्यापर्यंतचे तास होते. आडवं होता न येणाऱ्या बाईला इतक्या लांब न्यायचं, हा स्वतंत्र धोका चुलतभावांनी हिशेबात धरलेला दिसत नाही.

इंजेक्शनची वाट वेगळी. आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं एक प्रथिन निपचित फिरत असतं. स्ट्रेप्टोकायनेज त्याला जागं करतं. मग त्याचं प्लाझ्मिन होतं आणि गुठळीला बांधून ठेवणारे फायब्रिनचे धागे ते कापत सुटतं. ठरलेली पद्धत म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात अडीच लाख युनिट आणि मग तासाला एक लाख युनिट. हे एक दिवस, दोन दिवस, क्वचित तीन दिवसही चालतं. मधे मधे इको करून व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक उतरतो आहे का ते बघतात, एक्स-रेच्या पडद्यावर पानं हलताना बघतात. हे औषध स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंपासून मिळतं. अमेरिकेत विल्यम टिलेट यांनी 1933 साली या जंतूंचा गुठळी विरघळवण्याचा गुण दाखवून दिला. वहिनींची मूळची झडप ज्या सांधेवाताच्या तापाने गेली, तो तापही याच कुळातल्या एका जंतूने घसा धरल्यावर येतो. ज्या कुळाने झडप घालवली त्याच कुळाने दुसरी झडप सोडवली, हे मला या सगळ्या शास्त्रातलं फार विलक्षण वाटतं.

धोका कुठला, तर हे औषध फक्त व्हॉल्व्हवरची गुठळी ओळखून तिथेच काम करत नाही. ते सगळ्या अंगातून फिरतं. मेंदूत एखादी नाजूक रक्तवाहिनी असेल तर तिथे रक्तस्राव होऊ शकतो. दुसरं असं की गुठळी जागच्या जागी विरघळण्याऐवजी तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो. कागदावर लिहिलेलं तेच. म्हणून औषध सुरू करण्याआधी अन्ननलिकेतून इको करून गुठळी किती मोठी आहे आणि डाव्या वरच्या कप्प्यात वेगळी गुठळी आहे का, ते बघतात. साधारण 0.8 चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर धोका वाढतो. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, नुकताच लकवा होऊन गेला असेल, नुकतं मोठं ऑपरेशन झालं असेल किंवा पोटातून रक्त जात असेल, तर या औषधाचं नाव घ्यायचं नाही. वहिनींच्या बाबतीत यातलं काही नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तो पर्याय तुमच्यासमोर ठेवला.

किती जणांना गुण येतो? दिल्लीच्या एम्समध्ये पहिल्यांदाच डावीकडचा व्हॉल्व्ह अडकलेल्या 120 रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेजचा अभ्यास झाला, तो 2009 साली प्रसिद्ध झाला. औषध वेगाने द्यावं की नेहमीच्या संथ गतीने, हे त्यात ताडून पाहिलं होतं. फारसा फरक पडला नाही. दोन्ही गट मिळून पूर्ण बरे झालेले रुग्ण 60 टक्क्यांच्या थोडे आतच राहिले. आपल्याकडच्या, आपल्यासारख्याच रुग्णांचा हा आकडा आहे, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. म्हणजे दहातल्या चौघांना पूर्ण गुण येत नाही. तुम्ही सही केलीत ती काही हमखास यशाच्या कागदावर नव्हती.

पण त्यानंतर चित्र पुढे सरकलं आहे. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी अल्टेप्लेज हे दुसरं औषध अगदी कमी मात्रेत, 25 मिलीग्रॅम, सहा तासांत किंवा त्याहूनही सावकाश, 25 तासांत द्यायला सुरुवात केली. गरज पडली तर पुन्हा तेवढंच. 2022 साली त्यांनी 158 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यातल्या 83 जणांना हे संथ औषध दिलं होतं, 75 जणांचं ऑपरेशन झालं होतं. औषधाच्या गटात 90 टक्क्यांना गुण आला. तीन महिन्यांत त्या गटातले 2.4 टक्के रुग्ण दगावले, ऑपरेशनच्या गटातले 18.7 टक्के. हे आकडे चुलतभावांना जरूर दाखवा, पण त्यातली मेखही सांगा: कुणाला कुठली वाट हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, डॉक्टरांनी रुग्ण बघून ठरवलं होतं. त्यामुळे ऑपरेशन वाईट, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी 2020 साली दोन्ही वाटा सारख्याच ग्राह्य धरल्या. युरोपातल्या संस्थेने 2021 साली अत्यवस्थ रुग्णासाठी ऑपरेशनला झुकतं माप दिलं आणि सर्जन हाताशी नसेल किंवा ऑपरेशनचा धोका फार असेल तर इंजेक्शन द्यावं असं म्हटलं. जगातली मोठी मंडळी जिथे एका ओळीत बसली नव्हती, तिथे घाईत, घाबरलेल्या अवस्थेत तुम्ही निर्णय घेतला. आणि बघा ना, सर्जन हाताशी नव्हता, व्हॉल्व्ह पहिल्यांदाच अडकला होता, वय 29, मेंदूचा कुठला आजार नाही. इंजेक्शनच्या बाजूने जे जे असायला हवं ते बहुतेक सगळं होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही सही केली असती.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे पत्र बाकीच्यांच्या आधी घेतलं ती सांगते. जानेवारीत टीबीच्या गोळ्या थांबतील. त्या दिवशी सगळं घर सुटकेचा निःश्वास टाकेल. पण ॲसिट्रॉम 6 मिलीग्रॅम आहे ती रिफाम्पिसिनच्या जोरावर. रिफाम्पिसिन बंद झालं की यकृत पुढच्या दोन ते चार आठवड्यांत हळूहळू आपल्या जुन्या चालीवर येईल, आणि मग तेच 6 मिलीग्रॅम फार जास्त होतील. आयएनआर 6, 8, 10 असा चढू शकतो. ऑगस्टमध्ये गुठळीने जे करायला घेतलं होतं ते जानेवारी-फेब्रुवारीत रक्तस्राव करू शकेल. टीबीच्या शेवटच्या गोळीची तारीख आत्ताच विचारून घ्या, आत्ताच हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला आणि त्या तारखेपासून निदान सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जमलं तर दोनदा आयएनआर करा. डोस किती आणि कधी उतरवायचा हे ते आकडे बघून डॉक्टर ठरवतील. तुम्ही मनाने उतरवू नका, आणि जुनं 2 मिलीग्रॅमचं पाकीट घरात आहे म्हणून थेट त्यावरही जाऊ नका. टीबीच्या गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, हे तर उघडच आहे. दवाखान्यात पाकीट बदललं, एखादी गोळी वाढली किंवा कमी झाली, तरी दुसऱ्या आठवड्यात आयएनआर.

माइट्रल व्हॉल्व्हसाठी आयएनआर 2.5 ते 3.5 मधे हवा, मध्य 3. एकाच लॅबमध्ये करा. एका वहीत तारीख, आयएनआर, डोस आणि नवीन काही औषध सुरू झालं का, एवढं लिहा. वही वहिनींच्या हातात असू द्या, कारण शरीर त्यांचं आहे आणि इतकी वर्षं त्यांनी ते नीट सांभाळलं आहे. ॲसिट्रॉमचा असर लवकर उतरतो, म्हणून संध्याकाळची वेळ पाळायची. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अंग दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटॅमॉल चालेल. कमरेत सुई मारून घ्यायची नाही, तिथे आत रक्त साकळतं. कुणी आणून दिलेला काढा नको. दात काढायचा असेल तरी मनाने गोळी बंद करायची नाही. पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर तो डॉक्टरांना सांगायचा. हे आपल्याकडे बायका सांगत नाहीत, सोसतात, आणि हिमोग्लोबिन सहावर आलं की मगच घरात कळतं.

राहिलं ते दुसरं पान. थोडं कमी उघडतं याचे दोन अर्थ होऊ शकतात. गुठळीचा थोडा अंश बिजागरीत राहिला असेल, किंवा तिथे पॅनस म्हणजे व्हॉल्व्हच्या कडेने आत वाढणारा तंतुमय पेशींचा थर आला असेल. गुठळी काही दिवसांत होते, पॅनस वर्षानुवर्षं सावकाश वाढतो. वहिनींच्या व्हॉल्व्हला 6 वर्षं झाली आहेत, त्यामुळे तो असू शकतो. पॅनसवर कुठलंही इंजेक्शन चालत नाही, तो सर्जनलाच काढावा लागतो. म्हणून आयएनआर महिना-दोन महिने ठिकाणावर राहिल्यानंतर पानांची हालचाल एक्स-रेखाली पुन्हा बघून घ्या, आणि शंका राहिली तर सीटी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा झालेल्या इकोचा रिपोर्ट शोधून काढा. आजचा दाब जास्त आहे की नाही हे त्या जुन्या आकड्याशी ताडूनच कळतं. तो रिपोर्ट डिस्चार्ज कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि कुठे ठेवला ते घरात सगळ्यांना सांगा.

पुन्हा अडकला तर इंजेक्शन देता येईल का, हा तुमचा प्रश्न. स्ट्रेप्टोकायनेज जंतूपासून येतं, म्हणून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पुढचे अनेक महिने ते पुन्हा दिलं तर लागू पडत नाही, उलट ॲलर्जी होऊ शकते. अल्टेप्लेजसारखं दुसरं औषध देता येतं. पण दुसऱ्यांदा अडकलेल्या व्हॉल्व्हला डॉक्टर ऑपरेशनच्या बाजूने जास्त विचार करतात, आणि पॅनस असेल तर तो एकच मार्ग उरतो. त्यामुळे स्ट्रेप्टोकायनेज दिलं, अमुक तारखेला, असं वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. रात्री दोन वाजता वेगळ्याच डॉक्टरांसमोर उभे असाल तेव्हा ही ओळ कामाला येईल. सर्जन, कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात ती खोली) आणि आयसीयू एकत्र असलेलं जवळात जवळचं ठिकाण कुठलं, हेही आत्ताच विचारून ठेवा. सरकारी योजनेत ते हॉस्पिटल बसतं का, हे तिथला आरोग्यमित्र सांगेल.

एक गोष्ट वहिनींना विचारा. मेटलच्या व्हॉल्व्हचा टिकटिक आवाज शांत वेळी अनेकांना स्वतःला ऐकू येतो. ऑगस्टच्या आधी तो बारीक झाला होता का, बंद पडल्यासारखा वाटला होता का? सगळ्यांनाच तो ऐकू येतो असं नाही. पण ज्यांना येतो त्यांच्यातल्या काहींना हा बदल धाप लागायच्याही आधी जाणवतो, आणि कुणाला सांगावं, कोण मनावर घेईल, म्हणून ती माणसं गप्प राहतात. यापुढे त्यांनी आवाज बदलला म्हटलं तर त्याच दिवशी निघायचं. अचानक धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका हाताची ताकद जाणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तरी तसंच. आयएनआर फार चढला असेल तर जोराची डोकेदुखी, काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव, अंगावर काळेनिळे डाग. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

नवी गोळी चालणार नाही. ती इतर आजारांत चांगली आहे, मेटलच्या व्हॉल्व्हसाठी नाही. या नव्या गोळ्यांपैकी डॅबिगाट्रान मेटल व्हॉल्व्हच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. अभ्यास मधेच थांबवावा लागला, ते 2013 साली प्रसिद्ध झालं. अपिक्साबान या दुसऱ्या नव्या गोळीचा अभ्यासही 2022 साली असाच थांबवला गेला. शेजारच्या काकांना ती गोळी चालू असेल तर त्यांचा आजार वेगळा आहे.

मुलाबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत, पण पत्र लिहिताना मनात तीच सगळ्यात मोठी असावी असं वाटलं. नाही असं मी म्हणणार नाही. मात्र आत्ता नाही. मेटलच्या माइट्रल व्हॉल्व्हसह गरोदरपण आईसाठी जोखमीचंच असतं. ॲसिट्रॉम पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, गर्भाला बाधू शकते. तिच्याऐवजी रक्त पातळ ठेवणारी हेपरिनची इंजेक्शनं घेतली तर गर्भ सुरक्षित राहतो, पण व्हॉल्व्ह अडकायची भीती वाढते. यातला तोल डोसवर बराच अवलंबून असतो. ॲसिट्रॉम दिवसाला 2 मिलीग्रॅमच्या आत पुरत असेल तर बाळाला धोका बराच कमी असतो. वहिनी आज 6 वर आहेत. टीबी संपून, रिफाम्पिसिनचा असर उतरून, डोस जुन्या जागी येऊन तिथे स्थिरावू द्या. दुसऱ्या पानाचा उलगडाही होऊ द्या. मग हृदयाचे डॉक्टर आणि प्रसूतीचे डॉक्टर दोघांना, दिवस जाण्याआधी, भेटा.

तोवर दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायला हवी आणि इथेही रिफाम्पिसिन आडवं येतं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही ते असाच निचरा करतं, म्हणून त्या गोळ्यांवर आत्ता विसंबता येत नाही. शिवाय नेहमीच्या मिळणाऱ्या गोळ्यांनी गुठळी धरण्याची शक्यता वाढते, त्या व्हॉल्व्हला नकोतच. कॉपर-टीने पाळीचा रक्तस्राव वाढतो आणि ॲसिट्रॉम चालू असताना तो आवरत नाही. निरोध वापरा. आणि पाळी आठवडाभर जरी लांबली तरी वाट न बघता तपासणी करा. दिवस गेले असतील तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या काळात घाबरून ॲसिट्रॉम सोडून दिलेल्या आणि त्यातून व्हॉल्व्ह अडकून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

शेवटचा आयएनआर किती आणि कोणत्या तारखेचा, ते पत्रात नाही. तीन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर उद्या सकाळी करून घ्या.